सात जणांचा एक ट्राय

दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपत आली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यासारख्या धानपट्ट्यात मग नाटक, दंडार यांच्या जोडीने कबड्डीचे सामने रंगतात. चढाई करणाऱ्याचा घोटा एकजण धरतो, दुसरा कमरेला विळखा घालतो, तिसरा मध्यरेषेकडची वाट अडवतो. पकड नावावर लागते ती कोणा एकाच्या. परंतु मैदानाबाहेर उभ्या असलेल्या जाणकाराची दाद साखळी न सोडणाऱ्या प्रत्येकाला असते.

अशीच दाद रग्बीचे चाहते पन्नास वर्षांहून अधिक काळ एका ट्रायला देत आले आहेत. २७ जानेवारी १९७३ रोजी वेल्समधील कार्डिफ आर्म्स पार्क मैदानावर बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडविरुद्ध तो नोंदवला. नोंदवहीत नाव आहे गॅरेथ एडवर्ड्स यांचे. प्रत्यक्षात चेंडू एकामागून एक सात खेळाडूंच्या हातांतून गेला होता. कबड्डीच्या मैदानातही एका संघाचे सातच खेळाडू असतात, हा एक सुखद योगायोग.

ट्राय म्हणजे काय?

रग्बी युनियन या प्रकारात दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंधरा खेळाडू असतात. लंबगोल चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय होतो. पूर्वी या कृतीला स्वतंत्र गुण नव्हते. त्यामुळे चेंडू लाथाडून गोल करण्याचा ‘प्रयत्न’ करण्याची केवळ संधी मिळे. ट्राय हे नाव त्यावरूनच पडले. १९७३ मध्ये ट्रायचे चार गुण होते, १९९२ पासून ते पाच झाले.

या खेळाचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की चेंडू हाताने पुढच्या दिशेला देता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. साहजिकच ज्याच्या हाती चेंडू असतो त्याचे साथीदार त्याच्या मागून धावत येतात. चेंडू आपल्याकडे येईलच याची खात्री नसताना त्यांना योग्य क्षणी योग्य जागी पोहोचावे लागते. सांघिक ट्रायचे सौंदर्य या मागून येणाऱ्या पावलांत असते.

पाहुण्यांचा संघ

१८९० मध्ये स्थापन झालेला बार्बेरियन्स हा आगळा क्लब आहे. त्याला स्वतःचे मैदान नाही की कायमचा संघ नाही. खेळाडू निमंत्रणावरून येतात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालतात आणि पायात मोजे मात्र आपापल्या क्लबचे ठेवतात. जिंकण्यापेक्षा मोकळा, आक्रमक खेळ करणे ही या संघाची परंपरा.

१९७३ च्या सामन्याला आणखी एक पार्श्वभूमी होती. १९७१ मध्ये ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये जाऊन कसोटी मालिका जिंकली होती. त्या संघाचे कर्णधार जॉन डॉज हेच कार्डिफमध्ये बार्बेरियन्सचे कर्णधार होते. लायन्सचे प्रशिक्षक कार्विन जेम्स यांनी सामन्यापूर्वी खेळाडूंशी संवाद साधला आणि फिल बेनेट यांना आपला नैसर्गिक खेळ बिनधास्त खेळण्यास सांगितले. न्यूझीलंडला जुना हिशेब चुकता करायचा होता. म्हणजे सामना नावापुरताच मैत्रीचा होता.

अर्ध्या मिनिटाचा खेळ

सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. न्यूझीलंडच्या ब्रायन विल्यम्स यांनी चेंडू उंच लाथाडून बार्बेरियन्सच्या गोलखांबांकडे धाडला. मागे धावत गेलेल्या बेनेट यांनी तो आपल्याच गोलरेषेजवळ उचलला. अशा वेळी चेंडू मैदानाबाहेर लाथाडून धोका टाळणे हाच शिरस्ता. बेनेट यांनी तसे केले नाही. अंगावर येणाऱ्या न्यूझीलंडच्या खेळाडूंना त्यांनी एकामागून एक हुलकावण्या दिल्या आणि चेंडू फुलबॅक जे. पी. आर. विल्यम्स यांच्याकडे सोपवला.

जे. पी. आर. यांच्या मानेभोवती प्रतिस्पर्ध्याचा हात पडला. तशाही अवस्थेत त्यांनी चेंडू जॉन पुलिन यांना दिला. पुलिन हे इंग्लंडचे. चेंडूला हात लागलेले उरलेले सहाही जण वेल्सचे. पुलिन यांच्याकडून चेंडू डॉज यांच्याकडे गेला. त्यांनी वेग वाढवत मैदानाचा मोठा भाग मागे टाकला व आतल्या बाजूने आलेल्या टॉम डेव्हिड यांना पास दिला. डेव्हिड यांनी एका हाताने चेंडू पुढच्या साथीदाराकडे सोडला. डेरेक क्विनेल यांनी वाकून, जवळजवळ बुटांच्या उंचीवर तो झेलला.

क्विनेल यांचा पास डाव्या कडेला असलेल्या जॉन बेव्हन यांच्यासाठी होता. पण मध्येच मागून भरधाव आलेल्या गॅरेथ एडवर्ड्स यांनी तो टिपला, कडेकडेने धाव घेतली आणि डाव्या कोपऱ्यात स्वतःला झोकून दिले. बेनेट यांनी चेंडू उचलल्यापासून हे सारे घडायला अर्धा मिनिटही लागला नाही. बार्बेरियन्सनी हा सामना २३-११ असा जिंकला.

चाहते नेमके काय पाहतात?

प्रथम पाहणाऱ्याची नजर बेनेट यांच्या हुलकावण्यांवर आणि एडवर्ड्स यांच्या अखेरच्या धावेवर खिळते. ते चित्रण पुनःपुन्हा पाहणारे चाहते मात्र हळूहळू मधल्या पाच जणांकडे वळतात. मान आवळली असताना चेंडू न सोडणारे जे. पी. आर., स्क्रममध्ये झुंजण्याचे काम असूनही नेमक्या जागी हजर असलेले पुलिन, बुटांशी आलेला चेंडू न निसटू देणारे क्विनेल. यातील एकाचाही हात चुकला असता तर बेनेट यांच्या धाडसाची नोंद चूक म्हणून झाली असती, कारण चेंडू त्यांच्याच गोलरेषेसमोर हरवला असता.

एडवर्ड्स यांचेही तसेच. चेंडू आपल्या गोलकडे गेला म्हणून ते आधी मागे धावले होते. खेळ उलटला तसे तेही उलटे फिरले आणि पुन्हा पुढे झेपावले. पडद्यावर ते शेवटी ‘प्रकटतात’, परंतु त्यामागे न दिसणारी दुहेरी धाव आहे.

वादही आहेतच. क्विनेल यांचा पास किंचित पुढे गेला होता का, यावर आजही हुज्जत घातली जाते. जे. पी. आर. यांच्यावरील टॅकल बेकायदा होता, याबद्दल फारसे दुमत नाही. फ्रेंच पंच जॉर्ज दोमेर्क यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला नाही, ही या ट्रायची आठवी साथ म्हणावी लागेल. नवव्या साथीचा मान क्लिफ मॉर्गन यांचा. नेहमीचे समालोचक बिल मॅक्लारेन आजारी असल्याने बीबीसीचे समालोचन वेल्सच्या या माजी खेळाडूकडे आले आणि त्यांचा उत्तेजित स्वर चित्रणाशी कायमचा जोडला गेला.

ऑकलंडची तोडीस तोड

या ट्रायशी तुलना होते ती ३ जुलै १९९४ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर झालेल्या फ्रान्सच्या ट्रायशी. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना पिछाडीवरील फ्रान्सचा कर्णधार फिलिप सेंट-आंद्रे याने आपल्या गोलरेषेजवळून प्रतिहल्ला चढवला. अनेक हातांतून फिरलेला चेंडू अखेर जाँ-ल्यूक सादुर्नी याने टेकवला. फ्रान्सने सामना २३-२० असा आणि मालिका २-० अशी जिंकली. ‘जगाच्या टोकावरून आलेला ट्राय’ ही त्याची ओळख. त्यानंतर २०२५ पर्यंत न्यूझीलंड या मैदानावर कसोटी हरलेला नव्हता.

आपल्याकडील रग्बी

रग्बी भारतात नवा नाही. बंद पडलेल्या कलकत्ता क्लबने शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला व १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जपला. भारतीय संघाने आंतरराष्ट्रीय पदार्पण १९९८ मध्ये केले. अभिनेते राहुल बोस त्या संघात होते. जून २०१९ मध्ये मनिला येथे पुण्याच्या वाहबिझ भरूचा हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे नमवले. पंधरा खेळाडूंच्या प्रकारातील महिला संघाचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय होता. जून २०२५ मध्ये अंधेरीत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. तिचे सामने सात-सात खेळाडूंचे होते.

उरलेली साखळी

कार्डिफच्या त्या साखळीतील पहिले चौघे आता हयात नाहीत. जॉन पुलिन आणि जॉन डॉज २०२१ मध्ये गेले, फिल बेनेट जून २०२२ मध्ये, तर जे. पी. आर. विल्यम्स जानेवारी २०२४ मध्ये. चौघांच्याही निधनानंतर चाहत्यांना आठवला तो हाच ट्राय, जो त्यांच्यापैकी एकाच्याही नावावर नाही. नोंदवहीला एकच नाव पुरते. सालेकसा तालुक्यातील मंडईत कबड्डी पाहणाऱ्याला आणि कार्डिफमध्ये रग्बी पाहणाऱ्याला ते पुरत नाही, एवढाच याचा अर्थ.