कायदा सारखा, परिणामही सारखा?

‘कायद्यापुढे सगळे समान’ हे आपण सर्वांनी शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला घोकलेलं आहे. पण कायदा सारखा असला म्हणजे त्याचा परिणामही सारखाच होतो का? हा प्रश्न इंग्रज सरकारला आकडे मांडून विचारला तो पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. वरून ज्ञान खाली झिरपेल असं सरकार म्हणे. फुल्यांना ते झिरपताना दिसत नव्हतं. सरकारी शाळा कागदावर सर्व जातींना खुल्या होत्या, पण महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारी बसू दिलं जात नसे. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा होत्या, त्याही फक्त मोठ्या शहरांत. पुण्यात या समाजाची वस्ती पाच हजारांवर, शाळा एक, आणि मुलं तीससुद्धा नाहीत! निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. देशभर लागू होणारा तसा कायदा झाला २००९ साली आणि अमलात आला १ एप्रिल २०१० ला. म्हणजे तब्बल १२८ वर्षांनी.

फुल्यांनी जे केलं त्याला आज इथे ब्रिटनमध्ये ‘इक्वालिटी इम्पॅक्ट असेसमेंट’ म्हणतात. धोरण ठरवण्याआधी, त्याचा कोणावर काय परिणाम होईल ते तपासायचं. बायका, अपंग, म्हातारी माणसं, अल्पसंख्य यांच्यावर जास्त भार पडणार असेल तर तो कसा टाळायचा ते बघायचं. गंमत म्हणजे ज्यांच्या राज्यात फुल्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांना स्वतःच्या देशात तो कायद्यात आणायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

१९६८ चंच उदाहरण घ्या. केनियातून ब्रिटिश पासपोर्ट घेऊन भारतीय वंशाची माणसं येऊ लागली, तेव्हा पार्लमेंटने तीन दिवसांत नवा कायदा केला. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म ब्रिटनमधला, त्याला ढोबळमानाने मोकळी वाट, बाकीच्यांवर निर्बंध. कायद्यात वर्णाचा शब्दही नाही, पण गोऱ्यांना बहुधा आजोबा सापडत आणि आपल्या लोकांना सापडत नसत.

बदल व्हायला एका मुलाचा जीव जावा लागला. २२ एप्रिल १९९३ ला लंडनमध्ये बसस्टॉपजवळ अठरा वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सचा वर्णद्वेषातून खून झाला. पोलिसांनी तपासाची हेळसांड केली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने दोष संस्थेच्या रीतीतच असल्याचं सांगितलं, आणि २००० साली कायदा बदलून सरकारी संस्थांवर वांशिक समतेचा आधीच विचार करण्याचं बंधन आलं.

हे बंधन नुसतं कागदावर राहत नाही, हे साउथॉलच्या बायकांनी दाखवून दिलं. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था १९७९ पासून घरात छळ सोसणाऱ्या आशियाई आणि कॅरिबियन बायकांना मदत करते. ईलिंग कौन्सिलने ठरवलं की आता सगळ्या भागातल्या सगळ्या बायकांसाठी एकच सेवा ठेवायची. ऐकायला किती समान! पण ज्या बाईला इंग्रजी येत नाही, व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे, तिने जायचं कुठे? २००८ साली प्रकरण हायकोर्टात गेलं. खटला चालू असतानाच कौन्सिलने माघार घेतली. तरीही न्यायाधीशांनी निकालपत्र दिलंच: परिणामांचा विचार निर्णयाच्या आधी व्हायला हवा, नंतर नाही.

२०१० च्या समता कायद्याने हे कर्तव्य वय, धर्म वगैरेंपर्यंत वाढवलं. तरी २०१२ मध्ये पंतप्रधान कॅमेरन यांनी या तपासण्यांना लाल फीत ठरवलं. मग ‘विंडरश’ प्रकरण उघडकीला आलं. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या आणि आयुष्यभर इथे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, काहींना देशाबाहेर काढलं गेलं. २०२० मध्ये समता आयोगाने निष्कर्ष काढला की गृहखात्याने हे कर्तव्य पाळलं नव्हतं.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. फुल्यांनी जी विषमता मोजली ती जातीची, आणि नेमकी जातच या कायद्याच्या यादीत नाही. २०१३ साली पार्लमेंटने ती घालायला सांगितलं. २०१८ साली सरकारने घालायची नाही असं ठरवलं. यावर आपल्या समाजात दोन मतं आहेत. माझ्या मते ती यादीत असायला हवी. आपल्याविरुद्धचा भेदभाव मोजा म्हणायचं आणि आपल्यातला मोजू नका म्हणायचं, हे बरं दिसत नाही.

तेव्हा मंडळी, कौन्सिलचं लायब्ररी किंवा डे-सेंटर बंद करण्याबद्दलचं पत्रक आलं तर ते कचऱ्यात टाकू नका. परिणामांची तपासणी केली आहे का, असेल तर दाखवा, असं चार ओळींत लिहून विचारा. तो आपला हक्क आहे, आणि त्या चार ओळींना उत्तर द्यावं लागतं.