जुना की नवा? १९७१ ची एक निवड आणि आपला प्रश्न

 

आजची गोष्ट क्रिकेटच्या इतिहासातली आहे, पण तिच्यातला प्रश्न प्रत्येक घरातला आहे. मुरलेला माणूस ठेवायचा, की उमेदीच्या पोराला पुढं करायचं? सोसायटीचा उमेदवार असो, शाळेचा कबड्डीचा संघ असो, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यावर कुणी बसायचं हा विषय असो, वाद तोच. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे निर्णय काय झाला यापेक्षा तो कशाच्या आधारावर झाला, हे तपासायची आम्हाला खोड आहे. तेवढ्यासाठी १९७१ कडे जाऊ.

तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. तरुणांना संधी द्यायची, हे त्यांचं धोरण सर्वांना ठाऊक होतं. १९६९ च्या मोसमात चेतन चौहान, अशोक मांकड, एकनाथ सोलकर, गुंडाप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ असे नवे चेहरे एकामागून एक कसोटीत उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याचे चंदू बोर्डे मुंबईत आपली ५५ वी आणि शेवटची कसोटी खेळले. लगेच पुढच्या कानपूरच्या कसोटीत वीस वर्षांचा विश्वनाथ आला. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात १३७. आता बघा, पहिल्या डावानंतर कुणी निकाल लावला असता तर काय म्हणाला असता? आणि दुसऱ्या डावानंतर?

जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. एका बाजूला मन्सूर अली खान पतौडी, दुसऱ्या बाजूला मुंबईचे अजित वाडेकर. मर्चंट यांनी अध्यक्षाचं निर्णायक मत वाडेकरांच्या बाजूनं टाकलं. पतौडी त्या दौऱ्यावर गेले नाहीत.

या प्रसंगाचं वर्णन ‘जुन्याला काढून नव्याला आणलं’ असं करण्याची पद्धत आहे. पण जन्मतारखा पाहा. पतौडी जानेवारी १९४१ चे, वाडेकर एप्रिल १९४१ चे. तीन महिन्यांचं अंतर! मग पतौडी ‘जुने’ कसे ठरले? कारण १९६२ साली नरी कॉन्ट्रॅक्टर यांना डोक्याला चेंडू लागला आणि एकविसाव्या वर्षीच पतौडींवर कर्णधारपद आलं. एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना हा माणूस जवळजवळ नऊ वर्षं ते ओझं वाहत होता. म्हणजे ‘ज्येष्ठ’ हा शब्द वयाचा नसतोच. आपण एखाद्याला किती काळ एकाच जागी पाहिलं, त्याचा तो हिशेब असतो. आपल्याला कंटाळा येतो आणि आपण त्याला त्या माणसाचं म्हातारपण म्हणतो.

आता त्याच दौऱ्यातली दुसरी बाजू. मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई तेव्हा तीस वर्षांचे होते, आणि संघातली त्यांची जागा डळमळीत झाली होती. वाडेकरांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला, असं सांगितलं जातं. तरुणांचा कैवार घेणाऱ्या मर्चंट यांच्या संघात ते गेले. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले. तिथून सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. त्यांच्याबरोबर १३७ धावांची भागीदारी कुणी केली? बावीस वर्षांच्या सोलकरनं, हिंदू जिमखान्याच्या माळ्याच्या मुलानं.

बोटाच्या दुखण्यामुळे त्या कसोटीला मुकलेला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, पहिल्यांदा उतरला. ६५ आणि नाबाद ६७. त्याच सामन्यात सरदेसाईंचं शतक. आणि छत्तीस वर्षांच्या सलीम दुराणींनी दुसऱ्या डावात सोबर्स आणि लॉइड या दोघांना बाद केलं. भारतानं वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवलं. मालिका संपली तेव्हा गावसकरच्या नावावर चार कसोटींत ७७४ धावा होत्या आणि सरदेसाईंच्या नावावर पाच कसोटींत ६४२. याच मर्चंट यांनी पुढं सरदेसाईंना भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचं श्रेय दिलं.

पण एवढ्यावर थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल. त्याच दौऱ्यावर एम. एल. जयसिंहा हेही अनुभवी म्हणूनच गेले होते. त्यांच्या फारशा धावा झाल्या नाहीत आणि त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. मग अनुभवी माणूस निवडणं सरदेसाईंच्या वेळी शहाणपणाचं आणि जयसिंहांच्या वेळी चुकीचं, असं म्हणायचं का?

इथं आपलं न्यायदर्शन उपयोगी पडतं. ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, सांगताना नैयायिक प्रत्यक्ष आणि अनुमान यांत फरक करतात. डोळ्यांसमोरचा धूर हे प्रत्यक्ष. त्यावरून डोंगरावर अग्नी आहे असं म्हणणं हे अनुमान. अनुभवी खेळाडूबद्दल बोलताना आपला नेमका इथं घोटाळा होतो. त्याच्या मागच्या धावा आपण पाहिलेल्या असतात, म्हणून पुढच्या धावाही पाहिल्यासारख्या वाटतात. नवख्याबद्दल मात्र आपण म्हणतो, ‘त्याचा काय भरवसा?’ खरं तर उद्याच्या बाबतीत दोघांविषयीही आपण अनुमानच करतो. जुन्याच्या बाबतीत धूर जास्त दिसतो, एवढंच. पण तो धूर आजचा की कालच्या विझलेल्या चुलीचा, हे तपासावंच लागतं. आणि नव्याच्या बाबतीत धूर थोडा असला, तरी ठिणगी खरी आहे का, हे पाहावं लागतं. अनुमान नीट करूनही फळ उलटं येऊ शकतं. म्हणून निवडणाऱ्याला नुसत्या निकालावरून शहाणा किंवा मूर्ख ठरवू नये. त्यानं काय पाहिलं आणि काय पाहायचं टाळलं, हे विचारावं.

आपल्या नेवासा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. जुना बैल नांगराचं तास वाकडं जाऊ देत नाही, नवा ओढ देतो. किंग्स्टनला सरदेसाई आणि सोलकर यांची जोडी अशीच जमली. पण प्रत्येक जागी दोघांना जुंपता येत नाही. कर्णधार एकच असतो, चेअरमनही एकच. तिथं कुणाला तरी बाजूला व्हावंच लागतं, आणि खरी कसोटी तिथं लागते.

त्या कसोटीचं पुढं काय झालं? वाडेकरांनी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्ही मालिका १९७१ मध्येच जिंकल्या. १९७४ मध्ये मात्र लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला, मालिका ०-३ अशी गेली. मग पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं आणि ते निवृत्त झाले. काल ‘नवा’ असलेला माणूस तीनच वर्षांत ‘जुना’ झाला. मग कर्णधार म्हणून बोलावलं कुणाला? पतौडींना! १९७४-७५ च्या त्या मालिकेत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिले दोन सामने हरून भारतानं कोलकाता आणि मद्रास जिंकलं. दोन्हीकडे मुख्य आधार ठरला तो विश्वनाथ, पतौडींच्याच हाताखाली कानपूरला शून्य आणि १३७ करणारा. मुंबईची शेवटची कसोटी आणि मालिका गेली, पण पतौडींना निरोप मैदानावरून मिळाला. वाडेकरांना तो मिळाला नाही.

आम्हाला वाटतं, बाजूला केलेल्या माणसाला दोन गोष्टींचा हक्क असतो. कारण त्याच्या तोंडावर सांगितलं जावं, आणि दार कायमचं बंद केलं जाऊ नये. तुमच्या गावात, संस्थेत, घरात पुढची निवड येईल तेव्हा वय विचारण्याआधी काम काय आहे ते विचारा. आणि निवड झाली की ज्याची निवड झाली नाही, त्याच्या घरी आधी जा. हार घेऊन दुसरीकडे नंतर गेलं तरी चालतं.