शूर्पारक ते नालासोपारा : एका नांवाचा प्रवास



ग्रीस देशाच्या दक्षिणेस, एजियन समुद्रांत, चंद्रकोरीच्या आकाराचें एक बेट आहे. काळ्या-तांबूस कड्यांच्या माथ्यावर पांढरीं शुभ्र घरें आणि खालीं अथांग निळें पाणी, हें दृश्य पाहण्यासाठीं साऱ्या जगांतून प्रवासी तेथें जातात. सुमारें ३६०० वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटानें त्या बेटाचा मधला भाग समुद्रांत खचला. जी कड उरली तीच आजची त्याची शोभा! त्याचें जुनें नांव कॅलिस्टी, म्हणजे 'अतिसुंदर'. पुढें स्पार्टाहून थेरास आला आणि बेट थेरा झालें, असें हिरोडोटस सांगतो. मध्ययुगांत लॅटिन ख्रिस्ती सत्ताधारी आले. तेथील संत आयरीनच्या प्रार्थनामंदिरावरून त्यांनीं बेटास सांतोरिनी म्हटलें. आज सरकारी दप्तरांत तें थिरा आहे, आणि जगाच्या तोंडीं सांतोरिनी.

नांवें कशीं येतात, कशीं जातात आणि एखादेंच कां टिकतें, हें पाहण्यासाठीं मात्र ग्रीसला जाण्याचें कारण नाहीं. वसई तालुक्यांतील तुळिंज येथें उभें राहिलें तरी पुरे. पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग दिसते. तिचा काळा खडकही अग्नीचेंच अपत्य. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून शिलारस वाहिला आणि थरावर थर सांचले. पश्चिमेस, रेल्वेच्या रुळांपलीकडे, सोपारें. सोपाऱ्याच्या खाडीनें मुख्य भूमीपासून तोडलेला हा वसईचा भाग एके काळीं बेटच होता.

या सोपाऱ्याचें संस्कृत नांव शूर्पारक. समुद्रानें मागें सरून जामदग्न्य रामास जी भूमि दिली ती शूर्पारक, असें महाभारत सांगतें. 'शूर्प' म्हणजे आपलें घरगुती सूप. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखांत हेंच नांव 'शोर्पारग' होऊन येतें; ग्रीक नावाड्यांच्या मार्गदर्शक ग्रंथांत तें 'सुप्पारा' होतें आणि अरब प्रवाशांच्या लेखणींत 'सुबारा'. भाषा बदलली, लिपि बदलली, तरी शब्दाचा कणा मोडला नाहीं. कारण उघड आहे. दिव्यावदानांतील पूर्ण नांवाचा व्यापारी याच नगरीचा. चंदनाच्या व्यापारांत त्यानें संपत्ति मिळविली आणि पुढें तो बुद्धाचा शिष्य झाला. असे व्यापारी, नावाडी आणि भिक्षु हें नांव सांगत देशोदेशीं हिंडले.

पुढें खाडी गाळानें भरत गेली. बंदराचें आकर्षण म्हणजे त्याचें पाणी. तें आटलें तशी वर्दळही आटली. गांव उरलें, पण गांवाचा इतिहास गांवालाच परका झाला. तेथील एका टेकाडास लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे सुपें विणणारा, आणि नगरीचें नांवही सुपाशीं जुळणारें! हा निव्वळ योगायोग असेल. पण इतिहास विसरलेल्या लोकांनीं त्या जागीं कोणीतरी राजा असल्याची आठवण तेवढी जपली होती.

१८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें टेकाड खणलें. आंत निघाला बौद्ध स्तूप. त्याच्या गर्भांत दगडी करंडक, आणि त्यांत एकांत एक ठेवलेल्या तांब्याच्या, रुप्याच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या व सोन्याच्या डब्या! सर्वांत आंतल्या सोन्याच्या डबींत काय असावें? सोन्याचीं फुलें, आणि मातीच्या पात्राचे कांहीं तुकडे. तें बुद्धाचें भिक्षापात्र म्हणून भाविकांनीं जपलें असावें, असें पंडितजींचें मत. त्याच सालीं सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सांपडला. १९५६ सालीं जवळच भुईगांवास नवव्याचा. म्हणजे सम्राटानें आपली आज्ञा कोरण्याजोगें हें स्थान ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतच थोर होतें.

आतां शेजारच्या वसईकडे पाहा. १५३४ मध्यें पोर्तुगीजांनीं ती मिळविली आणि आपल्या उच्चाराप्रमाणें 'बासाईं' लिहिली. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकल्यावर मराठ्यांनीं तिला बाजीपूर नांव दिलें. इंग्रजांनीं 'बेसीन' केलें. १८०२ चा प्रसिद्ध तह त्याच नांवानें त्यांच्या पुस्तकांत गेला. बासाईं गेलें, बाजीपूर दप्तरांत राहिलें, बेसीनही रेल्वेच्या पाटीवरून उतरलें. वसई मात्र वसईच राहिली.

मग परकें नांव टिकतच नाहीं काय? टिकतें. वसईंतच रमेदी म्हणून वस्ती आहे. 'रेमेदियुश', म्हणजे उपाय करणारी, दुःख निवारणारी माता. तिच्या पोर्तुगीजकालीन चर्चवरून हें नांव पडलें, आणि राज्य गेलें तरी लोकांनीं तें घासून पुसून मराठी करून घेतलें. जें संत आयरीनच्या नांवाचें झालें, तेंच रमेदीचें झालें. हुकुमानें दिलेलें नांव हुकुमाबरोबर जातें. ज्या नांवानें माणसें नवस बोलतात, घरचा पत्ता सांगतात, तें जाण्याचें नांव घेत नाहीं.

सोपाऱ्याचें नांव याच बळावर दोन हजारांहून अधिक वर्षें टिकलें. रेल्वेनें त्यास शेजारच्या नाळे गांवाची जोड देऊन नालासोपारा केलें. आज रोज असंख्य लोक तें नांव उच्चारतात. गाडी चुकूं नये, एवढ्याच चिंतेनें. त्यांस दोष कोण देईल? परंतु आंतली डबी न उघडतां नुसता दगडी करंडक हातीं वागवावा, तसें हें झालें आहे. सांतोरिनीची शोभा डोळ्यांस आपोआप दिसते. सोपाऱ्याची शोभा नांवांत दडली आहे. एखाद्या रविवारीं मुलांस घेऊन तुळिंजकडून पूल ओलांडा, त्या स्तूपापाशीं घटकाभर बसा, आणि हें नांव कोठून आलें तें त्यांना सांगा. नांव लोकांनीं राखलें. त्याचा अर्थ राखणें आपल्याकडे आहे.