एडिटरमध्ये २५ टॅब उघडे आणि हवी ती फाइल सापडेना? व्हीएस कोडमधला हा पसारा कसा आवरायचा?

प्रोजेक्ट उद्या सबमिट करायचा आहे. लॉगिनचं बटण चालत नाही म्हणून रात्री १२ वाजता कोड बदलला, ब्राउझर रिफ्रेश केला, तरी पान जसंच्या तसं. पुन्हा बदल, पुन्हा रिफ्रेश. अर्ध्या तासाने लक्षात येतं की ज्या 'इंडेक्स.एचटीएमएल'मध्ये एवढी खटपट केली, ती भलत्याच फोल्डरमधली होती. ब्राउझर दाखवत होता ती दुसरीच.

यात कोडची चूक काहीच नव्हती. चूक होती ती वर दाटीवाटीने बसलेल्या टॅबच्या रांगेत, जिथे प्रत्येक नाव अर्धवट दिसतं आणि बंद करायची कुणाची हिंमत होत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजेच व्हीएस कोड, आज कॉलेजच्या लॅबपासून कंपन्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यात टॅब नव्हतेच. उघडलेल्या फाइल्सची यादी डावीकडे दिसायची. वापरणाऱ्यांनी मागणी लावून धरल्यावर २०१६ च्या १.३ आवृत्तीत टॅब आले. म्हणजे टॅबशिवायही या एडिटरमध्ये काम होत होतं आणि आजही होतं.

टॅबचं नाव तिरकं का दिसतं?

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. डावीकडच्या यादीत फाइलवर एकदा क्लिक केलं की ती उघडते, पण टॅबवरचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं. याला प्रिव्ह्यू म्हणतात. 'नुसती बघतोय' असा त्याचा अर्थ. दुसऱ्या फाइलवर क्लिक केलं की ती त्याच टॅबमध्ये येते आणि पहिली निघून जाते. अनेकांना वाटतं, फाइल उडाली. उडालेली नसते, फोल्डरमध्ये जागच्या जागी असते.

फाइल टिकून राहायला हवी असेल तर डबल क्लिक करायचं. किंवा तिच्यात एखादं अक्षर बदललं तरी नाव सरळ होतं आणि टॅब कायम राहतो. सेटिंगमध्ये जाऊन प्रिव्ह्यू बंदही करता येतो, पण मग नुसतं डोकावून बघितलेली प्रत्येक फाइल टॅब होऊन बसते. पसारा कमी ठेवायचा असेल तर तो चालू असलेलाच बरा.

फुलीच्या जागी ठिपका आला तर?

टॅबच्या टोकाला बंद करण्यासाठी फुली असते. तिच्या जागी गोल ठिपका दिसला, तर त्या फाइलमधले बदल अजून सेव्ह झालेले नाहीत. पायथनचा प्रोग्राम टर्मिनलमधून चालवला तर डिस्कवर सेव्ह असलेला जुना कोड चालतो, स्क्रीनवर दिसणारा नवा नाही. 'बदल केला तरी एरर तीच' या तक्रारीमागे पुष्कळदा हा ठिपकाच असतो.

फाइल मेनूमध्ये ऑटो सेव्ह आहे, पण तो मुळात बंद असतो. चालू केल्यावर टायपिंग थांबल्यानंतर साधारण १ सेकंदाने फाइल आपोआप सेव्ह होते.

आता सुरुवातीच्या घोळाकडे. एकाच नावाच्या दोन फाइल्स शेजारीशेजारी उघड्या असतील तर व्हीएस कोड नावापुढे फोल्डरही दाखवतो. पण एकच उघडी असेल तर फक्त नाव दिसतं आणि फसगत तिथे होते. अशा वेळी कोडच्या वरच्या पट्टीत बघायचं. तिथे फोल्डरपासून फाइलपर्यंतचा मार्ग लिहिलेला असतो. या पट्टीला ब्रेडक्रम्ब्स म्हणतात. बदल करण्याआधी एक नजर तिथे टाकली तर अर्धा तास वाचतो.

फाइल शोधत बसू नका, नावाने बोलवा

टॅब साठत जातात, कारण बंद केलेली फाइल पुन्हा शोधायचा कंटाळा असतो. त्यावरचा उपाय म्हणजे कंट्रोल आणि पी. मॅकवर कमांड आणि पी. वरच्या बाजूला एक चौकट उघडते. त्यात फाइलचं पूर्ण नाव टाकावं लागत नाही. नावातली चार अक्षरं क्रमाने टाकली, मधली गाळली, तरी एडिटर ओळखतो. फाइल उघडी असो वा नसो, फोल्डर पाच पातळ्या आत असो, दोन सेकंदांत समोर.

एररमध्ये '४२ व्या ओळीवर चूक' असं आलं असेल तर याच चौकटीत फाइलच्या नावापुढे विसर्गासारखं कोलनचं चिन्ह देऊन ४२ लिहायचं, थेट त्या ओळीवर पोहोचता येतं. ईमेलमधलं 'अ‍ॅट'चं चिन्ह टाकलं तर समोरच्या फाइलमधल्या फंक्शनची यादी येते. हजार ओळींच्या फाइलमध्ये माऊसचं चाक फिरवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. ही एक सवय लागली की टॅबची रांग सांभाळण्याचं मुख्य कारणच उरत नाही.

दोनच फाइल्समध्ये ये-जा करायची असेल तर कंट्रोल धरून टॅबचं बटण दाबायचं. शेवटी वापरलेली फाइल आधी येते.

आत शिरलो, परत कसं यायचं?

एखादं फंक्शन नेमकं कुठे लिहिलंय हे बघायचं असेल तर त्याच्या नावावर कर्सर ठेवून एफ१२ दाबतात. एडिटर थेट त्या फाइलमध्ये नेतो. तिथून आणखी एका फंक्शनमध्ये, मग तिसऱ्या. तीन उड्यांनंतर 'आपण आलो कुठून?' हा प्रश्न पडतोच. विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण दाबला की आल्या वाटेने एकेक पाऊल मागे जाता येतं, अगदी ब्राउझरच्या बॅक बटणासारखं. मॅकवर त्यासाठी कंट्रोल आणि वजाबाकीचं चिन्ह आहे.

नुसतं डोकावायचं असेल तर ऑल्ट आणि एफ१२. दुसरी फाइल त्याच जागी छोट्या खिडकीत दिसते, नवा टॅब उघडत नाही.

टॅब बंद केला आणि नंतर लागला तर?

कंट्रोल, शिफ्ट आणि टी. ब्राउझरमध्ये चालतं तेच इथेही चालतं, शेवटचा बंद केलेला टॅब परत येतो. त्यामुळे दिवसाअखेर बिनधास्त आवराआवर करावी. कंट्रोल आणि के दाबून, दोन्ही सोडून मग यू दाबलं की सेव्ह झालेले टॅब बंद होतात, ठिपकेवाले तसेच राहतात. रोज लागणारी फाइल मात्र राइट क्लिक करून पिन करावी. ती रांगेत सर्वांत पुढे राहते.

शिस्त स्वतःहून जमत नसेल तर सेटिंगमध्ये 'एडिटर लिमिट' शोधून ती मर्यादा चालू करता येते. आकडा मुळात १० चा असतो. अकरावी फाइल उघडली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेली बंद होते. सेव्ह न केलेल्या फाइलला एडिटर हात लावत नाही.

एक धोका मात्र खरा आहे. नाव न देता उघडलेल्या नव्या फाइलमध्ये कोड लिहिला आणि बंद करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं, तर तो मजकूर टॅब परत उघडूनही मिळत नाही. आधी सेव्ह केलेल्या फाइलमधला जुना कोड हवा असेल तर डावीकडे खाली 'टाइमलाइन' आहे. २०२२ पासून व्हीएस कोड प्रत्येक सेव्हच्या वेळी तिथे एक प्रत ठेवतो.