कानस कुणाच्या हातात?



गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. तार फ्रेटला घासून खरखर आवाज येतोय, किंवा तारा इतक्या वर आल्यात की बार कॉर्ड धरताना बोटांची वाट लागतेय. आता काय करायचं? दोन-चार व्हिडिओ बघून आपणच हत्यारं काढायची, की कुणा जाणकाराकडे न्यायचं?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फुगतं. लाकडी गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला ते कोण सांगणार! :)

त्यातून आपण पडलो इंजिनिअर. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब सगळ्यांनीच केलाय. लोखंडाचा तुकडा, कानस, गुण्या आणि डोक्यावर उभे असलेले सर. त्यामुळे 'कानस चालवायची तर चालवू की, त्यात काय' असं वाटणं साहजिक आहे. पण हा प्रश्न गिटारीपेक्षा खूप जुना आहे, आणि त्याचा एक फार छान इतिहास आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेत आहे. आज त्याबद्दल.

तलवारीला धार लावणारे

मिरजेचे तानपुरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे कारागीर मुळात वाद्यं बनवणारे नव्हतेच. ते शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी आणि त्यांना धार लावणारी मंडळी. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तलवारींची मागणी ओसरली आणि हातातलं कसब रिकामं झालं. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. दरबारात गाणं-बजावणं भरपूर, पण वाद्य बिघडलं की दुरुस्त करायला माणूस जवळपास नाही. मिरजेत सांगतात त्याप्रमाणे साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी अशी वाद्यं दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करता करता ती आतून कशी असतात ते कळलं आणि मग नवी बनवायला सुरुवात झाली. शिकलगारांचे सतारमेकर झाले.

म्हणजे बघा, ज्यांना आपण आज 'प्रोफेशनल' म्हणतो त्यांच्या परंपरेची सुरुवात 'बघू या उघडून' इथूनच झाली. फक्त एक फरक आहे. त्यांच्या हातात कानस पिढ्यान्‌पिढ्या होती. वाद्य नवीन होतं, हात नवीन नव्हता.

जवारी म्हणजे काय भानगड?

गिटारीत तार घासली की तो दोष. तानपुऱ्यात तार घासली नाही तर तो दोष! तानपुऱ्याची घोडी सपाट-रुंद असते, पण तिच्या माथ्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार थरथरताना त्या उतारावर हलकेच टेकत राहते आणि त्यातून तो भरलेला, झंकारणारा आवाज येतो. यालाच जवारी म्हणतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्यावरून काही उपस्वर तिच्यात उमटायलाच नकोत, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. या घोडीमुळे ते उपस्वरही ऐकू येतात, हे त्यांनी त्यात दाखवलं.

हा उतार घासून तयार करतात. कारागीर दोन-चार हात मारतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. मोजपट्टी नाही, गेज नाही. कान हेच गेज. एक हात जास्त पडला तर घोडीवरचं गेलेलं परत येत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये गवई एक बारीक दोरा सरकवतो. तो अंमळ पुढे-मागे केला की जवारी खुलते किंवा मिटते. हा दोरा प्रत्येक गवई मैफलीआधी स्वतःच लावतो, त्यासाठी कुणी मिरजेला जात नाही. सूर बारीक जुळवायचे मणीही त्याच्याच हातात. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच वाटणी ठरली होती. दोरा आणि मणी वाजवणाऱ्याचे, कानस कारागिराची. आपल्या भाषेत सांगायचं तर दोरा हा पब्लिक इंटरफेस आणि घोडीचा उतार हा प्रायव्हेट कोड.

अर्थात ही रेघ ओलांडणारेही होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले होते. किराणा घराण्याचे एवढे मोठे गवई, पण वाद्यदुरुस्तीचं काम स्वतःला येत असे. तानपुरा शंभर टक्के सुरात हवा हा ज्याचा हट्ट, तो हत्यारं शिकणारच.

याच मुलखातलं उलटं उदाहरणही आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची गणितं मांडून १९१० मध्ये पुस्तक काढलं. ई. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची पेटी करायची ठरवली. दोघेही हौशी, पण पेटी घरी ठोकत बसले नाहीत. ती लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण तिथे काही ती स्वीकारली गेली नाही. पेटी कुशल हातांनी बनली होती, वाद होता तो श्रुतींच्या गणितावर. काम प्रोफेशनलला दिलं म्हणून आपला आराखडा बरोबर ठरत नाही, हाही धडा त्यात आहेच.

तिकडे गिटारीचं काय चाललं होतं?

तिकडेही हेच भांडण होतं, फक्त कोर्टकचेरीच्या थाटात. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या संघाचं म्हणणं होतं की गिटार बनवायचा हक्क आमचाच, सुतारांनी त्यात पडू नये. त्या सुतारांमध्ये मार्टिन घराणंही होतं. सुतारांनी आपला हक्क राखला, पण या कटकटीला कंटाळून ख्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेला गेला. आज जगभर नाव असलेल्या मार्टिन गिटारी त्याच्याच. 'खरा प्रोफेशनल कोण' याचं उत्तर शिक्क्यावर ठरत नाही ते असं.

मग १९२३ मध्ये गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना ट्रस रॉडचं पेटंट मिळालं. गिटारीच्या मानेतून जाणारी पोलादी सळई, चावीने पिळता येणारी. त्याआधी मान वाकली की मोठं काम निघायचं, आता चावीचा पाव फेरा पुरे. १९५० मध्ये लिओ फेंडरने मान चक्क स्क्रूने बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवायला कधी शिकलाच नाही!

या दोन्ही गोष्टींत मला तानपुऱ्याचा दोराच दिसतो. चांगला कारागीर वाजवणाऱ्यासाठी काही जागा मुद्दाम सोडून ठेवतो: इथे तू हात लाव, चुकलं तरी परत फिरवता येईल. रेघ वाद्यातच आखलेली असते. आपण ती वाचायची.

आजीचा तानपुरा

हे सगळं मी का शोधत बसलो ते सांगतो. आमच्या घरी आजीचा तानपुरा आहे, मिरजेचाच. आजी गेल्यावर तो बरीच वर्षं गवसणीत होता. आता बहीण गाणं शिकतेय, तिला तो हवा होता. तारा नव्या चढवल्या, दोरा सरकवून पाहिला, पण आवाज मिटलेलाच. बघितलं तर घोडीवर तारांखाली बारीक चरे पडलेले. वर्षानुवर्षांच्या रियाजाने पडलेले. उपाय एकच होता, जवारी नव्याने काढायची. म्हणजे ते चरे घासून टाकायचे.

घरात दोन पक्ष पडले. आई म्हणाली, हात लावू नका, तिचा आवाज आहे तो. बहीण म्हणाली, न वाजणारा तानपुरा ठेवून काय करू? कानस मला चालवता येते, पण हे आपलं काम नाही हे स्पष्ट होतं. शेवटी मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर तानपुरा झोपवला आणि आम्ही दोघं भावंडं मिरजेला गेलो.

तिथल्या चाचांनी आधी घोडी बघितलीच नाही. विचारलं, "गाणार कोण?" बहिणीला म्हणाले, "सा लाव बेटा." तिची पट्टी आजीपेक्षा बरीच खालची. मग म्हणाले, ही घोडी आजींच्या पट्टीला काढलेली आहे, घासली तरी तुला पूर्ण जुळेलच असं नाही. आणि तुमचा जीव हिच्यात अडकलेला दिसतोय. मी नवी घोडी बसवतो, जवारी तुझ्या आवाजाला काढतो. ही तशीच घरी न्या.

इतकी साधी गोष्ट, पण आम्हा तिघांच्याही डोक्यात आली नव्हती. आम्ही 'घासायची की नाही' यावरच भांडत होतो. आजीची घोडी आता आईच्या कपाटात आहे, आणि तानपुरा रोज सकाळी वाजतो.

मग ठरवायचं कसं?

माझ्यापुरता हिशोब असा. तारा बदलणं, फ्रेटबोर्ड पुसणं, उन्हाळ्यात केसमध्ये ओलावा राखणं, ट्रस रॉडचा एका वेळी पाव फेरा, इलेक्ट्रिक गिटारच्या सॅडलचे स्क्रू – हे स्वतः करायचं. नुसतं करायचं नाही, करायलाच हवं. नाहीतर आपल्या वाद्याची आपल्याला ओळखच होत नाही. नटच्या खाचा खोल करणं, फ्रेट घासून समपातळीत आणणं, ब्रिज उखडून चिकटवणं, म्हणजे जिथे लाकूड-हाड-धातू कमी होतो, ते जाणकाराकडे. शिकायचंच असेल तर जरूर शिका, पण आधी भंगारातल्या गिटारीवर.

'मग ब्रायन मेचं काय?' असं कुणीतरी विचारणारच. क्वीन बँडच्या ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून आणि मोटारसायकलच्या स्प्रिंगा वापरून. तीच गिटार तो जन्मभर वाजवत आला. खरंय. पण १९९८ मध्ये तिची मोठी डागडुजी करायची वेळ आली, तेव्हा ती ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराच्या हातात दिली. स्वतः बनवलेली असूनही!

कारागिराला आपण पैसे देतो ते नुसत्या घासण्याचे नाहीत. न घासण्याचा पर्याय त्याला माहीत असतो, त्याचेही ते पैसे असतात. हा पर्याय व्हिडिओत सापडेलच असं नाही, कारण व्हिडिओला 'गाणार कोण?' हे विचारता येत नाही. आणि मिरजेच्या त्या गल्लीत हे विचारणारी माणसं टिकायची असतील, तर आपण अधूनमधून तिथे वाद्य घेऊन जायला हवं.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरी असं एखादं मिटलेलं वाद्य असेल तर या वीकएन्डला गवसणी काढून बघा. दोरा सरकवून काम झालं तर उत्तमच. नाही झालं, तर मिरजेची गाडी आहेच.

भेटू पुढच्या शनिवारी.