वाफेचे स्वप्न आणि काजळीचा इतिहास

इंग्रजीत किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत ‘स्टीमपंक’ नावाचा एक प्रकार आहे. माझ्या वर्गातल्या काही मुली या कादंबऱ्या आवडीने वाचतात. त्यांच्यामुळे मीही वाचल्या. मी इतिहासाचा शिक्षक आहे. साहित्याचा समीक्षक नव्हे. तेव्हा या कादंबऱ्या कलाकृती म्हणून कशा आहेत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्या इतिहासाविषयी एक गृहीतक मुलांच्या मनात रुजवतात, आणि ते गृहीतक आपल्या समाजाच्या दृष्टीने तपासून घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. ‘स्टीमपंक’ हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रात काहीशा गमतीने सुचवला. तो स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील अद्भुत कथा लिहीत होते. राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी आहे. वीज आणि पेट्रोल यांच्याऐवजी वाफच पुढे गेली असती तर जग कसे झाले असते, ही या कथांमागची कल्पना होय. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘द डिफरन्स इंजिन’ (१९९०) या कादंबरीत चार्ल्स बॅबेजचे गणकयंत्र यशस्वी होते आणि त्यामुळे इंग्लंडची राज्यव्यवस्थाच पालटते. वस्तुतः ब्रिटिश सरकारने त्या यंत्रावर सुमारे सतरा हजार पौंड खर्च करून १८४२ साली त्याचा नाद सोडला होता.

यंत्र बदलले की इतिहास बदलतो, हे ते गृहीतक. ते कितपत खरे आहे?

किशोरांसाठीच्या दोन मालिका उदाहरणादाखल घेतो. गेल कॅरिगर हिची ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’ (२०१३) ही कादंबरी १८५१ सालात घडते. सोफ्रोनिया ही चौदा वर्षांची मुलगी आकाशात तरंगणाऱ्या एका शाळेत दाखल होते. वरच्या मजल्यांवर उच्चकुलीन मुलींना रीतिरिवाज आणि हेरगिरी यांचे शिक्षण मिळते. खाली, जहाजाच्या पोटात, बॉयलरची खोली आहे. तेथे कोळसा टाकणाऱ्या पोरांना ‘सूटीज’, म्हणजे काजळीवाले, म्हणतात. त्यांच्यातला प्रमुख एक कृष्णवर्णीय मुलगा आहे. काजळीत राबणाऱ्या या मुलाला सगळे ‘सोप’ म्हणजे साबण म्हणतात! दुसरी मालिका कॅसँड्रा क्लेअर हिची. ‘क्लॉकवर्क एंजल’ (२०१०) ही तिची कादंबरी १८७८ च्या लंडनमध्ये घडते. तिच्यात चावीवर चालणारी यंत्रमाणसे आहेत आणि त्यांच्याशी लढणारे योद्धे आहेत. या योद्ध्यांचा अधिकार त्यांच्या रक्तात आहे, कारण त्यांचा वंश देवदूताच्या रक्तापासून सुरू झाला अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या घरात सोफी नावाची मोलकरीण काम करते.

या लेखिकांना श्रेय दिलेच पाहिजे. बॉयलरची खोली त्यांनी लपवली नाही आणि मोलकरणीला नाव, चेहरा व स्वाभिमान दिला. माझ्या विद्यार्थिनींना या कथा का आवडतात तेही मला समजते. या कथांतल्या मुली हातात पाना घेतात, यंत्र खोलतात, आपले ज्ञान आपण मिळवतात. ही गोष्ट लहान नाही. पण सोप आणि सोफी यांची आपल्या पायरीवरून सुटका होते ती कशी? सोपला गोळी लागते आणि त्याचा जीव वाचवण्यासाठी त्याला माणसाचा लांडगा होणाऱ्या जमातीत घेतले जाते. सोफी एका विधीत पेल्यातून प्राशन करते आणि योद्ध्यांच्या वंशात सामावली जाते. दोघांच्याही बाबतीत देह बदलतो, रक्त बदलते, तेव्हा कुठे दर्जा बदलतो. संघटना, कायदा, शाळा, मजुरी यांपैकी कशानेही तो बदलत नाही. आकाशात जहाज उडवू शकणाऱ्या कल्पनाशक्तीला एवढे मात्र सुचले नाही. रक्त पालटल्याशिवाय माणसाची पायरी पालटत नाही, ही कल्पना आपल्या वाचकांना नवी नाही. आपण तिच्याखालीच शतकानुशतके दबलेलो आहोत.

आता खऱ्या व्हिक्टोरियन काजळीकडे वळू. लंडनच्या मोठ्या घरांची धुराडी अरुंद आणि वाकडी असत. ती साफ करण्यासाठी लहान पोरे आत चढवत. ही पोरे अनाथ असत, किंवा दरिद्री आईबापांनी चार पैशांसाठी दिलेली असत. काजळीमुळे या कामगारांना मोठेपणी विशिष्ट प्रकारचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ सालीच लिहून ठेवले होते. १७८८ साली आठ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्याची मनाई करणारा कायदा झाला. १८०३ साली पोरे चढवण्याची प्रथा बंद करण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली, आणि त्याच सुमारास जॉर्ज स्मार्ट याने लांब दांड्याचा, खालूनच चालवता येणारा ब्रश तयार केला. म्हणजे यंत्र आले! मग पोरे सुटली काय? नाही. ब्रशने गालिचे खराब होतात, धुराड्याला डागडुजी करावी लागते, अशा सबबी घरमालकांनी पुढे केल्या. लॉर्डांच्या सभागृहाने सुधारणेची विधेयके फेटाळली. १८३४, १८४० आणि १८६४ असे कायद्यांमागून कायदे झाले आणि कागदावर राहिले. १८७५ साली केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा धुराड्यात अडकून मेला. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने जो कायदा झाला, त्याने धुराडी साफ करणाऱ्याला पोलिसांचा परवाना सक्तीचा केला आणि अंमलबजावणीची जबाबदारी पोलिसांवर टाकली. तेव्हा कुठे ही प्रथा मोडली. यंत्र आणि सुटका यांच्यामध्ये सत्तर वर्षे गेली. पोर यंत्रापेक्षा स्वस्त होते, हे त्याचे कारण.

हे इंग्लंडचे झाले. परंतु व्हिक्टोरिया राणीचे राज्य आपल्याकडेही होते आणि तिच्या काळातली यंत्रे आपल्याकडेही आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने लिहिले की, रेल्वेतून निर्माण होणारा आधुनिक उद्योग भारतातील वंशपरंपरागत श्रमविभागणी, म्हणजेच जातीचा पाया, मोडून काढील. पुढे १८५६ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचे उत्पादन सुरू झाले. लँकेशायरमधल्या साच्यांची पद्धत इकडेही आली. त्या साच्यावर धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यावे लागे. लँकेशायरचे विणकर हे निमूटपणे करीत आणि त्यातून एकाचा रोग दुसऱ्याला होई. मुंबईत मात्र या धोट्यातून विटाळ होऊ लागला! अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड कसे लावायचे, या सबबीखाली आपल्या माणसांना विणकाम खात्याचे दार बंद झाले. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला, तेव्हा मार्क्सच्या त्या भाकिताला पंचाहत्तर वर्षे झाली होती. यंत्राने जात मोडली नाही. जातीनेच यंत्राला आपल्यात सामावून घेतले.

वाफेचे यंत्र मला परके नाही. माझे आजोबा लोकोशेडमध्ये इंजिनाच्या पोटातली राख काढीत. स्टीमपंकच्या मुखपृष्ठांवर जी पितळी चक्रे झळकतात ती पाहताना मला राखेने पांढऱ्या झालेल्या त्यांच्या भुवया आठवतात. त्या राखेतून माझ्या घरात पहिली पदवी आली. ती एखाद्या यंत्राने दिली नाही; शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि बाबासाहेबांचा विचार यांनी दिली.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्याकडे १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गटार साफ करणारी यंत्रे बाजारात आहेत. तरीही माणूस आत उतरवला जातो आणि तो कोणत्या जातीचा असतो हे सांगायला नको. जॉर्ज स्मार्टचा ब्रश आजही कोपऱ्यात उभा आहे.

‘असे झाले असते तर’ हा प्रश्न वाईट नाही. आपण तो फक्त निराळ्या ठिकाणी विचारला पाहिजे. कॅरिगरची सोफ्रोनिया १८५१ साली चौदा वर्षांची आहे. चारच वर्षांनी, १८५५ साली, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या तेवढ्याच वयाच्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांना इमारतींच्या पायात पुरले जाई, हे तिने त्यात लिहिले आणि धर्म नेमका कोणाचा, असा जाब पंडितांना विचारला. तीही व्हिक्टोरिया राणीच्या काळातलीच किशोरी. सोफ्रोनिया कल्पनेतली आहे, मुक्ता खरी. १८०३ सालीच पोरे धुराड्यातून बाहेर काढली असती तर? १८५६ सालीच धोटा सर्वांच्या हाती आला असता तर? मुक्ताच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला पुढची शाळा मिळाली असती तर? या कादंबऱ्या अजून लिहिल्या गेलेल्या नाहीत. आपल्या तरुण लेखकांनी त्या लिहाव्यात आणि त्या बॉयलरच्या खोलीतून सुरू कराव्यात.

तोपर्यंत माझ्या विद्यार्थिनींनी या इंग्रजी कादंबऱ्या जरूर वाचाव्यात. वाचताना प्रत्येक पानावर एवढेच विचारावे : या जहाजाला कोळसा किती लागतो, आणि तो कोण टाकतो?