पावलांचा ठेका कागदावर

अर्जेंटिनाच्या आल्बेर्तो हिनास्तेराने 1937 साली, ऐन एकविशीत, पियानोसाठी तीन नाच लिहिले: 'दान्सास आर्खेन्तिनास'. एक म्हाताऱ्या गुराख्याचा, एक देखण्या पोरीचा, एक फरारी गाउचोचा, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्याचा. पहिल्यात उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांवर तर डावा काळ्यांवर चालतो आणि शेवटाकडे गिटारच्या सहा मोकळ्या तारांचे सूर चक्क पियानोतून निघतात. तिसऱ्यात मालाम्बोचा जोर आहे. मालाम्बो म्हणजे गाउचोंनी टाचा आपटत, एकमेकांवर कुरघोडी करत नाचायचा मर्दानी नाच.

हे कुरुंदवाडकरांना कशाला सांगायचं? तो ठेका आज कुठलाही पियानोवाला वाजवू शकतो, कारण तो लिहिलेला आहे. हिनास्तेराला संगीत लिहायची लिपी आयती मिळाली. युरोपात ती शतकानुशतकं घासूनपुसून तयार झाली होती. आपल्याकडे मात्र ती घडवावी लागली, आणि घडवणाऱ्यांतला एक जण इथला.

विष्णु दिगंबर पलुस्कर 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडात जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात भाजून दृष्टी अधू झाली, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. त्या काळी चीज गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात जायची. गुरूची मर्जी फिरली की चीज तिथेच अडली! विष्णुबुवांनी 5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्गभर मुलांना एकदम शिकवायचं तर क्रमिक पुस्तकं हवीत, आणि पुस्तकं हवीत तर स्वर लिहिता यायला हवेत. ज्यांना अक्षर धड दिसत नव्हतं, त्यांनीच हे काम अंगावर घेतलं.

त्यांच्या लिपीत कोमल स्वराचा पाय मोडतात. मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. खरी करामत स्वराच्या खाली आहे: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र. कुठल्या स्वरावर किती थांबायचं, यात वादच उरत नाही. अशीच लिपी घडवणारे दुसरे म्हणजे भातखंडे; त्यांची लिपी लिहायला सुटसुटीत, म्हणून ती जास्त रुळली. पण वेळेच्या हिशेबात पलुस्करांची अधिक चोख, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही लिपी घडली रागदारीसाठी. पण नाचाला तरी दुसरं काय लागतं? वेळेचा चोख हिशेबच ना? आखाड्यात कुस्ती रंगात आली की हलगी-घुमकं जे बोलतं, लेझीमची पोरं ज्यावर पाय टाकतात, ते या खुणांत मांडता येईल. शिरोळ तालुक्यातल्या संगीतशिक्षकांनो, येत्या जत्रेत वही घेऊन हलगीवाल्याच्या शेजारी बसा आणि निदान एक ठेका त्याला विचारून, त्याच्या नावानिशी उतरवून घ्या.